अकलूजची ‘सेट्टे’ : दोन द्राक्षांची एक रेड वाइन, आणि लागवडीआधी समजून घ्यायचा हिशोब

‘ऊस मोडून वाइनची द्राक्षं लावली तर परवडतील का?’ माळशिरस, सांगोला, पंढरपूर भागात हा प्रश्न अधूनमधून निघतोच. कारणही जवळचंच आहे. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली नावाची वायनरी आहे आणि तिथली ‘सेट्टे’ ही रेड वाइन देशभर ओळखली जाते. ही वाइन कशी तयार होते हे नीट समजलं, तर वरच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

भावाभावांची वायनरी

फ्रातेल्ली या इटालियन शब्दाचा अर्थ भाऊ. २००७ च्या सुमारास तीन घरचे भाऊ एकत्र आले : अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची. सोबत इटलीतल्या टस्कनी भागातले वाइनतज्ज्ञ पिएरो मासी. सहा भाऊ आणि मासी मिळून सात जण. इटालियनमध्ये सात म्हणजे ‘सेट्टे’, म्हणून वाइनला ते नाव.

मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे

सेट्टे ही ‘रेड ब्लेंड’ आहे, म्हणजे एकापेक्षा जास्त जातींच्या द्राक्षांची लाल वाइन. यात दोन जाती आहेत, सांजोवेझे आणि कॅबरने सोव्हिन्यॉन. मिश्रण म्हटलं की आपल्याला आधी भेसळच आठवते. पण हा प्रकार चहा पावडरीसारखा आहे. एका बागेची पत्ती कडक, दुसरीची सुवासिक, दोन्ही बेताने मिसळली की चहा जमतो.

सांजोवेझे ही टस्कनीची जात. तिच्यात आंबटपणा चांगला असतो, पण रंग जरा फिका. कॅबरनेचा मणी बारीक, साल जाड, रंग गडद आणि चव तुरट. एकीत जे कमी पडतं ते दुसरी भरून काढते. आपल्याकडे ऊन जास्त, त्यामुळे द्राक्ष पिकताना आंबटपणा लवकर उतरतो. एखाद्या वर्षी अवकाळीने एका जातीची प्रत घसरली तर प्रमाण बदलून चव सांभाळता येते.

लाल रंग येतो सालीतून

या काळ्या द्राक्षाचा मणी पिळला तर रस जवळपास पांढराच निघतो. रंग आणि तुरटपणा असतो सालीत. म्हणून रेड वाइन करताना रस, साल, बी सगळं एकत्र आंबवतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. वर तरंगणाऱ्या साली रोज खाली दाबतात किंवा खालचा रस पंपाने वरून सोडतात, म्हणजे रंग उतरतो. प्रत्येक जात आणि प्रत्येक प्लॉट शक्यतो वेगळ्या टाकीत ठेवतात. नंतर चव घेऊन प्रमाण ठरवतात आणि ओकच्या लाकडी पिपात वाइन मुरवतात.

खायचं द्राक्ष वेगळं, वाइनचं वेगळं

सोलापूर जिल्ह्याला द्राक्ष नवीन नाही. सोनाका ही जात आपल्याच नान्नजची. पण खायच्या द्राक्षात आपण जे करतो, त्याच्या बरंचसं उलटं वाइनच्या बागेत करावं लागतं.

खायच्या द्राक्षाला मणी फुगवायला जीएची डिपिंग करतो, विरळणी करतो, एकरी १० ते १२ टन माल काढतो. वाइनला बारीक मणी आणि जाड साल लागते. त्यामुळे डिपिंग नाही, विरळणीची मजुरी वाचते. पण चांगल्या रेड वाइनसाठी एकरी साधारण ३ ते ५ टनच माल धरतात. जास्त घड ठेवले की रंग आणि गोडी दोन्ही पातळ होतात. साखर २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत यावी लागते. छाटण्या मात्र त्याच : एप्रिलची खरड, ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी. भुरी आणि डाऊनीही सुटत नाहीत.

आता हिशोब. एका ७५० मिलीच्या बाटलीला किलोपेक्षा थोडी जास्त द्राक्षं लागतात. म्हणजे करारात किलोला जो दर असेल, साधारण तोच एका बाटलीमागचा शेतकऱ्याचा वाटा. दुकानातली बाटलीची किंमत बघून गणित मांडू नका. त्यात पिंप, बाटली, बूच, कर आणि दुकानदाराचं कमिशन असतं. एकरी ४ टन माल धरला तर किलोमागे १ रुपया कमी झाला की एकरी ४,००० रुपये गेले.

‘शाश्वत’ असं कशाला म्हणायचं?

हा शब्द हल्ली सगळेच वापरतात. कुठल्याही वायनरीत गेलात तर चार गोष्टी विचारा. बागेला पाणी किती आणि ठिबकवर देता का? टाक्या, पिंपं धुतलेलं पाणी शुद्ध करून परत वापरता का? साली-बियांच्या चोथ्याचं खत करता का? दोन ओळींत हिरवळीचं पीक घेता का? उसापेक्षा द्राक्षाला पाणी बरंच कमी लागतं आणि निचऱ्याची मुरमाड जमीनही चालते, ही आपल्या भागासाठी जमेची बाजू आहे.

खरा धोका इथे आहे

सांजोवेझे किंवा कॅबरने बाजार समितीत विकता येत नाही. मणी बारीक, आत बिया, बेदाणाही धड होत नाही. वायनरीने माल घेतला नाही तर दुसरं गिऱ्हाईक शोधायचं कुठं? घरी वाइन करून विकावी म्हटलं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो.

हे आधी घडलंय. २००१ च्या राज्य धोरणानंतर नाशिक भागात वाइन द्राक्षाची लागवड झपाट्याने वाढली. २००८-०९ च्या मंदीत वाइनची मागणी बसली, माल पडून राहिला आणि अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. मागणी सरकारी निर्णयावरही हलते. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विक्रीला मंत्रिमंडळाने मान्यता दिली, पण त्याला विरोध झाला आणि तो निर्णय अडकला. वाइन ही शेवटी दारूच आहे, २१ वर्षांखालच्याला ती विकता येत नाही. विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही.

म्हणून रोप लावण्याआधी लेखी करार हवा. त्यात हे बघा :

- किती वर्षांचा करार आहे? वेल वीस वर्षं टिकते, करार तीनच वर्षांचा असेल तर पुढे काय?
- जात आणि खुंट कोण ठरवणार, रोपांचा खर्च कोणाचा?
- दर ब्रिक्सवर आहे का, आणि ब्रिक्स मोजताना तुम्ही हजर असणार का?
- काढणीची तारीख वायनरी ठरवते. ती लांबली आणि पाऊस आला तर नुकसान कोणाचं?
- माल नाकारायची कारणं लिहिली आहेत का?
- पैसे किती दिवसांत मिळणार?

यातल्या एकाही प्रश्नाला तोंडी उत्तर मिळालं, तर ते कागदावर येईपर्यंत थांबा. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि द्राक्ष बागायतदार संघ यांच्याकडे जात, खुंट आणि जमिनीबद्दल विचारता येतं. पुढं जायचं ठरलं तरी पहिल्या वर्षी सगळा ऊस मोडू नका. अर्धा-एक एकर लावून बघा. तिसऱ्या वर्षी माल हातात येईल, तेव्हा करार आणि पैसे दोन्हींची परीक्षा झालेली असेल.