एक नाव, दोन वनस्पती

पावसाळ्यातील पूर ओसरला, की काशीच्या दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्यांवर साचलेला गाळ धुऊन काढण्यात येतो. बाळाजी बाजीराव पेशव्यांनी १७४८ मध्ये बांधविलेला व अहल्याबाई होळकर यांनी १७७४ मध्ये पुन्हा उभारलेला हा घाट शरद ऋतूत यात्रेकरूंनी गजबजून जातो. प्रातःस्नान आणि देवदर्शन आटोपल्यावर पुष्कळ कुटुंबे शहराच्या दक्षिणेस असलेले काशी हिंदू विश्वविद्यालय पाहावयास जातात. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नाने १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठातील वनस्पती-उद्याने मुलांना दाखविण्यास शरदासारखा दुसरा काळ नाही. पावसात वाढलेल्या बहुतेक लहान वनस्पती या सुमारास फुलांवर व फळांवर येतात. आणि वनस्पतीची खरी ओळख पानांपेक्षा फुलांवरून व फळांवरूनच अधिक निश्चितपणे पटते.

ही ओळख पटविण्याची एवढी आवश्यकता काय? ब्राह्मीचेच उदाहरण घ्यावे. काष्ठौषधींच्या बाजारात या एकाच नावाने दोन भिन्न वनस्पती विकल्या जातात. पहिलीची पाने लहान, मांसल व जवळजवळ बिनदेठाची असून समोरासमोर येतात. फूल फिकट निळसर किंवा पांढरे असते. ही बॅकोपा मोनिएरी. दुसरीची पाने वाटोळी, कातरलेल्या कडांची व लांब देठाची असून तिचे खोड जमिनीसरपट वाढत पेरापेरांशी मुळे सोडते. ही सेंटेला एशियाटिका, म्हणजेच मंडूकपर्णी. पहिली इसबगोलाच्या कुलातील, तर दुसरी कोथिंबिरीच्या. त्यांतील रासायनिक द्रव्येही निरनिराळी आहेत : पहिलीत बॅकोसाइडे, दुसरीत एशियाटिकोसाइड. दोन्ही ओलसर जागी वाढतात आणि वाळवून चूर्ण केल्यावर साध्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. चूर्णात फूल नाही, पान नाही. मग वैद्याने लिहून दिलेली वनस्पतीच रोग्याच्या पोटात गेली, हे कशावरून ठरवावे?

उद्यानाचे महत्त्व येथेच आहे. तेथील प्रत्येक रोपाची शास्त्रीय पारख झालेली असते व ते जिवंत नमुना म्हणून जपलेले असते. संशयित मालाची पेशीरचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्याच्याशी ताडून पाहता येते. १७५३ मध्ये लिनीअसने रूढ केलेल्या द्विनाम पद्धतीमुळे काशीतील रोप व कोकणातील रोप एकच आहे किंवा नाही, हे जगातील कोणाही अभ्यासकास सांगता येते.

नावाबरोबर परिस्थितीचाही विचार करावा लागतो. माती, ओलावा व ऋतू यांनुसार वनस्पतीतील औषधी द्रव्याचे प्रमाण बदलते. वनस्पती व तिची परिस्थिती यांच्या संबंधाचे शास्त्र या विद्यापीठात प्राध्यापक रामदेव मिश्र यांनी रुजविले. लीड्स येथे १९३७ मध्ये डॉक्टरेट मिळविणारे मिश्र भारतीय परिस्थितिविज्ञानाचे जनक मानले जातात.

उद्यानात गेलेल्या मुलांनी फुले तोडू नयेत. नामफलक वाचावा, दोन पाने शेजारी शेजारी पाहावीत आणि त्यांतील भेद वहीत लिहून ठेवावा. नामसाम्यावर विसंबू नये, हा धडा औषधाच्या दुकानातही उपयोगी पडेल.