एकटा अध्यापक आणि सोबतीचे ईशज्ञान

अमेरिकेतील प्रौढ कॅथलिकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक भाविक आज लॅटिनो आहेत. म्हणजे मेक्सिको, क्यूबा, पोर्तो रिको आदी प्रदेशांशी त्यांची नाळ जुळलेली आहे. परंतु तेथील सेमिनरींत व ईशज्ञान विद्यालयांत लॅटिनो अध्यापकांचे प्रमाण त्या मानाने अल्पच राहिले आहे. याचा परिणाम काय होतो, हे आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

संस्थेत एकच लॅटिनो अध्यापक असला, म्हणजे अध्यापन व संशोधन सांभाळून त्याला आणखीही भार वाहावा लागतो. स्पॅनिशभाषिक विद्यार्थी आपल्या अडचणी घेऊन त्याच्याकडेच येतात. समाजाचा प्रतिनिधी म्हणून समित्यांवर त्याचीच नेमणूक होते. बढतीच्या वेळी मात्र ग्रंथ आणि शोधनिबंध मोजले जातात. ही सेवा सहसा हिशेबात धरली जात नाही. त्याच्या लेखनाला 'लॅटिनो ईशज्ञान' असे वेगळे नाव मिळते. युरोपीय परंपरेतील लेखन मात्र निव्वळ 'ईशज्ञान' ठरते.

या एकाकीपणावर त्यांनी सोबतीचा उपाय शोधला. 1988 साली लॅटिनो कॅथलिक ईशपंडितांनी स्वतःची अकादमी स्थापन केली. त्याच वर्षी क्यूबात जन्मलेले मेथडिस्ट इतिहासकार हुस्तो गोन्झालेझ यांनी आपल्या समाजाच्या ईशज्ञान शिक्षणाविषयी अहवाल लिहिला. पुढे 1996 साली 'हिस्पॅनिक थिऑलॉजिकल इनिशिएटिव्ह' सुरू झाले. डॉक्टरेट करणाऱ्यांना शिष्यवृत्तीसोबत अनुभवी मार्गदर्शक, प्रबंधलेखनात साहाय्य आणि सहाध्यायांचा सहवास मिळावा, अशी त्याची योजना आहे. एकत्र बसून केलेल्या या चिंतनाला ते 'एन कोन्हुन्तो', म्हणजे मिळून केलेले ईशज्ञान, म्हणतात.

ड्रू विद्यापीठातील प्राध्यापिका आदा मारिया इसासी-दियाझ (1943-2012) यांनी हीच वाट विस्तारली. कष्टकरी लॅटिनो स्त्रियांचे रोजचे जगणे व झगडणे हा ईशज्ञानाचा स्रोत आहे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. त्यालाच त्यांनी 'मुहेरिस्ता' ईशज्ञान म्हटले.

वाचकहो, सेमिनरीत जे शिकविले जाते, तेच उद्या वेदीवर आणि आजाऱ्याच्या खाटेपाशी पोहोचते. ग्वादालुपे मातेपुढे मेणबत्ती लावणाऱ्या आजीची श्रद्धा ज्याला कुणी समजावून दिलीच नाही, तो धर्मगुरू तिचे सांत्वन कसे करील? म्हणूनच, आमच्या मते, अशा अध्यापकाला नेमून भागत नाही. त्याला सोबतही द्यावी लागते.