लाभार्थी कोण?

‘लाभार्थी’ हा शब्द सरकारी कागदपत्रांच्या वाटेने आपल्या भाषेत शिरला आणि असा रुळला की त्याची फोड करून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. अर्थी म्हणजे इच्छिणारा. विद्यार्थी विद्या इच्छितो, लाभार्थी लाभ. सरकारी दवाखान्याच्या रांगेतील माणसाला हे नाव दिले की त्याच्या उपचारामुळे आणखी कोणाचा खर्च वाचला, हा प्रश्न उद्भवतच नाही. भाषेच्या प्राध्यापकाने या व्याख्यानमालेत विम्याविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा प्रश्न अमेरिकेत उघडपणे विचारला गेला, त्याचा वृत्तान्त मला सांगावासा वाटतो.

तेथे आरोग्यविमा बहुधा नोकरीबरोबर मिळतो. हप्त्याचा मोठा भाग मालक भरतो, उरलेला पगारातून कापला जातो. अल्प मिळकतीच्या लोकांसाठी 1965 पासून ‘मेडिकेड’ ही योजना असून तिचा भार केंद्र व राज्ये मिळून उचलतात. योजना गरिबांची, म्हणजे ती घेणारा बेकार असणार, असा अनेकांचा ग्रह. मॅसॅच्युसेट्स राज्याने 2005 मध्ये निराळीच यादी प्रसिद्ध केली : ज्यांचे 50 किंवा त्याहून अधिक कामगार सरकारी वैद्यकीय मदतीवर आहेत, अशा मालकांची. कामगाराचे नाव गुप्त, मालकाचे मात्र जाहीर. अशा यादीला मोठी यंत्रणा लागत नाही. मदत घेणाऱ्यांची नोंद एका खात्यात असते, वेतनाची दुसऱ्या. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या म्हणजे झाले. त्या ठेवण्याची इच्छा हीच दुर्मीळ गोष्ट.

त्याच वर्षी वॉलमार्ट कंपनीचे एक अंतर्गत टिपण वृत्तपत्रांच्या हाती लागले. कंपनीच्या कामगारांच्या मुलांपैकी 46 टक्के मुले एकतर विम्याविना होती किंवा मेडिकेडवर, असे त्यात कंपनीनेच नमूद केले होते. पुढे 2020 मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या विनंतीवरून अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने काही राज्यांच्या नोंदी तपासल्या. अनेक राज्यांत वॉलमार्ट व मॅकडोनल्ड्स ही नावे वरच्या ओळींत आढळली. त्याहून मोलाची वाटते ती दुसरी नोंद : मेडिकेडवरील कमावत्या प्रौढांपैकी सुमारे 70 टक्के माणसे आठवड्याला 35 तास किंवा अधिक राबत होती. बेकारीचा ग्रह तेथेच निकालात निघतो.

आक्षेपही आहेत आणि ते पोकळ नाहीत. ज्याचे कामगार लाखांनी, त्याचे नाव वर येणारच. म्हणून आकड्याबरोबर प्रमाणही छापले पाहिजे. दुसरी भीती मला अधिक गंभीर वाटते. बदनामी टाळण्यासाठी मालक वेतन वाढवील, की मुलाबाळांच्या गरजू बाईला नोकरीच नाकारील? मेरीलँड राज्य तर यादीच्याही पुढे गेले. दहा हजारांहून अधिक कामगार असलेल्या मालकाने वेतनखर्चाच्या 8 टक्के रक्कम आरोग्यावर खर्चावी, नाहीतर तूट राज्याला भरावी, असा कायदा त्याने जानेवारी 2006 मध्ये केला. कामगारांच्या विमा-योजनांचे नियम 1974 च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येतात, या कारणाने न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द ठरविला आणि 2007 मध्ये अपिलातही तेच झाले. सक्ती अडली, नावे छापण्यास मात्र ही अडचण नव्हती.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या वाटेने सोडविला गेला. 1948 च्या कायद्यातून आलेली कामगार राज्य विमा योजना 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. तीत मालकाचा वाटा कायद्यानेच बांधलेला. 2019 मध्ये तो वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के ठरला. पण ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, त्याचा वाटा कोणी भरावा? तो थेट सरकारी रुग्णालय गाठतो. तेथील जे केसपेपर माझ्या पाहण्यात आले, त्यांवर नाव, वय, गाव होते आणि व्यवसायापुढे ‘मजुरी’ एवढाच शब्द. ती कोणाकडे, हे लिहिण्यास जागा नव्हती.