छोट्या नावाची मोठी किंमत

गेल्या श्रावणात आमच्या घरी चार दिवस अबोला होता. भांडण जमिनीवरून नव्हतं की सोन्यावरून नव्हतं. चार अक्षरांच्या एका नावावरून होतं, आणि त्याची किंमत होती दोन लाख ऐंशी हजार रुपये.

सुरुवातीपासून सांगतो. नल्लकुंट्यात फीवर हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आमचं घर. माझ्या आईला सगळी गल्ली माई म्हणायची. मेतकूट, गोडा मसाला आणि थालीपिठाची भाजणी ती घरी करायची आणि ओळखीपाळखीत द्यायची. ती गेल्यावर आमच्या सौ.ने ते काम बंद पडू दिलं नाही. आता विद्यानगर, बरकतपुऱ्यापासून काचीगुड्यापर्यंतची मराठी घरं तर घेतातच, पण शंकर मठात येणाऱ्या तेलुगू बायकाही दारात उभ्या राहून विचारतात, "आंटी, मेतकूट उन्दा?"

तीन वर्षांपूर्वी बंगळुरूच्या लेकीने हौसेने वेबसाइट काढून दिली. नाव ठेवलं 'माईचे महाराष्ट्रीयन पदार्थ नल्लकुंटा', सगळं एकत्र जोडून, पुढे डॉट कॉम. मी पडलो गणिताचा निवृत्त शिक्षक, त्यामुळे आधी अक्षरं मोजली. रोमन लिपीत ३७ भरली. नियमाप्रमाणे डॉटच्या आधी ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे, तेव्हा नाव कायद्यात बसत होतं. फक्त माणसांच्या डोक्यात बसत नव्हतं. निजामाबादच्या एका गिऱ्हाइकाने तीनदा फोन करून सांगितलं, "सर, आपका साइट खुलताच नै." शेवटी त्यांनी मागवायचं सोडून दिलं.

मग लेकीने शोध घेतला. माईच्या नावाचं चार अक्षरी रूप कुणीतरी आधीच नोंदवून ठेवलं होतं आणि ते विकायला होतं. नेमकं कोणतं आणि पुढे डॉट काय, ते इथे सांगत नाही. ज्याचं आहे त्याला उगाच त्रास नको. मी हरखून गेलो. आईचं नाव, नुसतं, मागेपुढे काही न जोडता! नेमकी त्याच महिन्यात एक एफडी सुटणार होती. पण त्या पैशातून सौ.ला मसाला दळायचं मशीन आणि हाताखाली एक बाई हवी होती. तिचा खांदा वर्षभर दुखत होता. त्यावरून अबोला.

माझी बाजू गणिताची होती. इंग्रजी अक्षरं २६. दोन अक्षरी नावं होतात २६ गुणिले २६, म्हणजे ६७६. तीन अक्षरी १७,५७६ आणि चार अक्षरी ४,५६,९७६. डॉट कॉममधली ही सगळी कधीच संपली आहेत. पाच अक्षरांवर गेलं की आकडा एकदम १,१८,८१,३७६ होतो. म्हणजे अक्षर एकाने वाढलं की जागा २६ पटीने वाढते, आणि एकाने कमी झालं की तितकीच आक्रसते. एकअक्षरी नावांची नोंदणी तर १९९३ मध्येच थांबवली गेली. डॉट कॉममध्ये त्याआधी नोंदली गेलेली फक्त तीन उरली : क्यू, एक्स आणि झेड. अबिड्सच्या हमरस्त्यावरच्या दुकानांसारखंच हे. रस्ता लांबवता येत नाही, म्हणून भाव चढतो.

चार दिवसांनी सौ.ने तोंड उघडलं ते एवढंच विचारायला : "दुकान छोट्या गल्लीत असलं म्हणून चालतं, की लोकांना सापडतं म्हणून चालतं?"

मी उत्तर देण्यासाठी गाजलेल्या व्यवहारांचे आकडे काढले आणि स्वतःच अडकलो. निस्सान कंपनीकडचं झेड डॉट कॉम हे एकअक्षरी नाव २०१४ मध्ये जपानच्या जीएमओ कंपनीने घेतलं, ८० कोटी येनना, म्हणजे सुमारे ६८ लाख डॉलरना. फेसबुकने २०१० मध्ये एफबी डॉट कॉम हे दोन अक्षरी नाव अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या एका महासंघाकडून ८५ लाख डॉलरना घेतलं. आणि २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम हे पाच अक्षरी नाव गेलं तीन कोटी डॉलरना! अक्षरं वाढली तरी किंमत वाढली, कारण 'व्हॉइस' हा शाळकरी मुलालाही लिहिता येणारा शब्द आहे. किंमत अक्षरांच्या संख्येलाच असती, तर झेड सगळ्यांत महाग गेलं असतं.

आपल्या हैदराबादशी नातं असलेलं उदाहरण त्याहून बोलकं आहे. सत्यम कॉम्प्युटर्स ही इथली कंपनी. तिच्याच घराण्यातल्या सत्यम इन्फोवेने नोव्हेंबर १९९९ मध्ये मुंबईच्या राजेश जैन यांची इंडियावर्ल्ड ही कंपनी घेण्याचा ४९९ कोटी रुपयांचा व्यवहार जाहीर केला, तेव्हा देशभर चर्चा झाली. त्या कंपनीच्या साइट्सची नावं होती खोज, खेल, समाचार, बावर्ची. पैसे अर्थातच नुसत्या नावांचे नव्हते, चालत्या साइट्सचे आणि त्यांच्या वाचकांचे होते. पण नावं पाहा : दोन चार अक्षरी, दोन आठ अक्षरी, आणि चारही घराघरातली. 'बावर्ची'त व्ही की डब्ल्यू असा प्रश्न एखाद्याला पडेल. पण आरटीसी क्रॉस रोड्सवरून रोज जाणाऱ्या हैदराबादी माणसाला तोही पडत नाही, बिर्याणीच्या पाटीवर ते स्पेलिंग पाठ झालेलं असतं.

छोट्या नावाचं दुसरं दुखणं मला उशिरा कळलं. छोट्या नावाचे शेजारी फार जवळ असतात. 'रेडिफ'च्या शेजारी 'रॅडिफ' उगवलं, फरक एका अक्षराचा, आणि १९९९ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. सत्यम इन्फोवेने स्वतःच्या नावातली अक्षरं घेऊन 'सिफी' हे चार अक्षरी नाव घडवलं. पुढे एकाने त्यात एफ वाढवून स्वतःचं नाव नोंदवलं. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि २००४ मध्ये सिफीच्या बाजूने निकाल लागला. डोमेन नेमलाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, हे त्या निकालाने पक्कं झालं. मोठ्या कंपन्या कोर्टात जाऊ शकतात. मेतकूटवाल्यांनी काय करायचं?

आणि आपल्या मराठी नावांचं तर रोमन लिपीत आधीच जमत नाही. पुण्यातली ललिता टी लिहिते, हैदराबादची तेलुगू ललिता टी-एच लिहिते. आपला थ आणि त्यांचा त एकाच स्पेलिंगमध्ये येऊन बसतात. चिवड्यात व्ही की डब्ल्यू, मेतकुटात यू की दोन ओ, आणि ळ तर कशातच मावत नाही.

सौ.ने यावर शिक्षकालाही सुचली नसती अशी परीक्षा घेतली. श्रावणी शुक्रवारच्या हळदीकुंकवाला बारा जणी आल्या होत्या, सात मराठी आणि पाच तेलुगू. प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी-पेन दिलं आणि एकदाच म्हणाली, "लिहा, माई." सात जणींनी तीन अक्षरं लिहिली, चौघींनी ए दोनदा घालून चार, आणि एकीने मध्ये वाय घातला. म्हणजे दोन लाख ऐंशी हजार मोजून घेतलेल्या दारात बारापैकी चारच गिऱ्हाइकं आली असती. उरलेल्या आठ जणी दुसऱ्याच्या दारात! कारण त्या गल्लीत एकही प्लॉट रिकामा नाही, एक अक्षर चुकलं की माणूस परक्या घरात शिरतो.

मी चिठ्ठ्या दोनदा मोजल्या. मग मशीनवाल्याला फोन केला.

नाव आम्ही शेवटी दोन शब्दांचं घेतलं. पहिला माई. दुसरा स्वयंपाकघरातला एक शब्द, ज्याचं स्पेलिंग मराठी, तेलुगू आणि उर्दू शाळेतली मुलं एकसारखंच करतात. पूर्ण नाव सांगितलं तर संपादक म्हणतील जाहिरात केली. अक्षरं झाली नऊ-दहा. लांबी वाढली तशी गल्ली मोकळी झाली, त्यामुळे 'माई'ची तिन्ही स्पेलिंगं मिळाली आणि तिन्ही एकाच साइटकडे वळवली. मधे आडवी रेघ घातली नाही, ती फोनवर सांगता येत नाही. आपल्या हैदराबादचे घरनंबर आठवा, सगळे रेघांचे. पण पत्ता सांगताना आपण म्हणतो "फीवर हॉस्पिटलच्या मागे".

ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं. तिथे 'माई' दिसायला किती सुटसुटीत! पण आमची निम्मी गिऱ्हाइकं देवनागरी टाइप करत नाहीत, म्हणून तूर्त थांबलो.

तुमच्यापैकी कुणी घरचा व्यवसाय इंटरनेटवर नेत असाल तर एवढं करा. नाव ठरवण्याआधी दहा-बारा जणांना ते एकदाच ऐकवा आणि लिहायला सांगा. जास्तीत जास्त लोक एकसारखं लिहितील ते नाव घ्या, मग दोन-चार अक्षरं जास्त झाली तरी चालतील. आणि लक्षात ठेवा, नाव विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भाडं भरता येतं. आमच्या तीन नावांचं मिळून वर्षाला साडेतीन-चार हजार होतं. मुदत संपण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, नाहीतर कमावलेलं नाव दुसरा उचलेल.

दिवाळीत मशीनवर पहिला घाणा दळला. सौ.चा खांदा आता बराच बरा आहे. निजामाबादच्या त्या गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन करून नवं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, "स्पेलिंग?" मी म्हटलं, "तुम्हाला येईल ते लिहा." दुसऱ्या दिवशी दोन किलो भाजणीची ऑर्डर आली.