घाटाखालचा बाजार, घाटावरची वाट

'बालाघाट' हा शब्द निम्मा फारसी आणि निम्मा देशी आहे. 'बाला' म्हणजे वरचे. आणि जुन्या फारसी दप्तरांत दख्खनच्या मुलखाचे घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो पायीनघाट असे जे दोन भाग केलेले आढळतात, त्यांतला पहिला शब्द पुढे मुलखाला सोडून डोंगरालाच चिकटला आणि आज पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरत जाणाऱ्या, बीड जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग करणाऱ्या त्या लांबट डोंगररांगेचे नाव होऊन बसला. रांगेच्या उत्तरेस गोदावरीकाठची गंगथडी, म्हणजे गेवराई आणि माजलगावकडील काळीभोर, खोल जमीन. आणि वर पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाई या बाजूंचे उंच, पुष्कळ ठिकाणी बरड आणि खडकाळ असे पठार. खाली कापूस व गहू चांगला पिकतो. वर ज्वारी, बाजरी, तूर, जनावरांचे कळप आणि डोंगराच्या उतारावरचे रानमेव्याचे धन. दोन मुलूख परस्परांहून इतके भिन्न की एकाला दुसऱ्यावाचून चालावे कसे? घाटाने त्यांना वेगळे केले म्हणूनच त्यांना एकमेकांकडे जावे लागले, आणि जेथे जाता-येता बैल सोडून विसावा घ्यावा लागला, तेथे बाजार भरला.

हे ध्यानात न घेता बीडला जाणारा प्रवासी एक तर बाजार पाहून परततो किंवा डोंगर चढून परततो, आणि दोन्हीकडून अर्धवट परततो. सह्याद्रीचे कडे पालथे घालणाऱ्या तरुण मंडळींना बालाघाटाचे नाव काढले की हसू येते, कारण या रांगेची उंची त्यांच्या हिशेबात बसत नाही. आणि बाजार पाहण्याची हौस असणारे लोक पुण्या-मुंबईच्या पेठांपलीकडे सहसा पाऊल टाकीत नाहीत. या दोन्ही प्रकारच्या वाचकांना माझे सांगणे असे की, दसऱ्यापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतच्या दिवसांत तीन-चार दिवसांची सवड काढून त्यांनी या जिल्ह्यात यावे, आधी बाजार पाहावा, मग घाट चढावा, आणि उतरल्यावर पुन्हा एकवार त्याच बाजारात जावे.

बीड हे कसब्याचे गाव बिंदुसरा नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले आहे. पाण्याच्या कुंडाच्या मध्यभागी उभे असलेले कंकालेश्वराचे प्राचीन मंदिर, पूर्वेकडच्या टेकडीवरील खंडोबाच्या दोन उंच दीपमाळा आणि शहेनशाहवलींचा दर्गा ही येथील पुरातन वैभवाची चिन्हे. आणि कोतवाली वेस, राजुरी वेस ही नावे तटबंदीच्या काळातील शहराची आठवण अजून जागती ठेवणारी. या वेशींच्या आतल्या अरुंद गल्ल्यांतून फिरताना कापडाच्या ठाणांपासून बांगड्यांच्या चुड्यांपर्यंत आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांपासून दोर-दावणीपर्यंत संसाराला आणि शेतीला लागणारी बहुतेक प्रत्येक वस्तू हारीने मांडलेली दिसते. आणि दुकानदारांच्या बोलीत मराठी व दख्खनी उर्दू इतक्या सहजतेने मिसळलेल्या ऐकू येतात की निजामी अंमल 1948 सालच्या सप्टेंबरात संपला ही गोष्ट भाषेला अद्याप कोणी कळवलेलीच नसावी असे वाटते.

पूर्वी या शहराची ख्याती दोन जिनसांसाठी होती, आणि त्या दोन्हींचा उल्लेख जुन्या गॅझेटियरांत आलेला आहे. एक छागल, म्हणजे पाणी गार ठेवणारी चामड्याची पिशवी. आणि दुसरी गुप्ती, म्हणजे हातातल्या काठीच्या पोटात दडवलेले पाते. वरवर पाहता या दोन वस्तूंचा परस्परसंबंध काहीच नाही. परंतु दोन्ही हातांत घेऊन क्षणभर डोंगराकडे पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ उलगडतो. निर्जल, निर्जन घाटातून जाणाऱ्या माणसाला तहानेची भीती असते आणि वाटमाऱ्याची. बीडच्या कारागिराने एका भीतीवर छागल दिली, दुसरीवर गुप्ती. ज्या शहराची प्रसिद्ध कारागिरी अशी वाटसराच्या गरजेतून उपजली, त्या शहराचा बाजार घाटाच्या आधारावर उभा होता हे सिद्ध करायला आणखी कोणता दाखला हवा? आज छागलीची जागा प्लॅस्टिकच्या बाटलीने घेतली आहे, गुप्तीची गरज सुदैवाने उरलेली नाही. पण घाट चढायचा तर पाणी आणि काठी या दोन वस्तू अजूनही याच बाजारातून घेऊन निघावे लागते.

मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, हे या शहराचे दुसरे अंग. आडत्यांची दुकाने, तूर आणि सोयाबीनची पोती, हमालांची लगबग आणि भाव पुकारणारे चढे आवाज, हे सर्व मराठवाड्यातील कोणत्याही मोंढ्यात सारखेच. परंतु आश्विन-कार्तिकात येथल्या रस्त्यांवर जे दृश्य दिसते ते बालाघाटाचे खास आहे. डोंगराकडच्या गावांतल्या बाया पाट्याच्या पाट्या भरून सीताफळे घेऊन येतात आणि रस्त्याच्या कडेला पथारी टाकून बसतात. यांतली पुष्कळशी फळे कोणी लावलेल्या बागेतली नव्हेत. मुरमाड उतारावर, जेथे दुसरे काही तग धरीत नाही तेथे, आपोआप वाढलेल्या झाडांची ती आहेत. फळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या भेगा पांढरट-पिवळ्या दिसू लागल्या, की ते उतरवायचे. फार आधी उतरवले तर ते पिकत नाही आणि उशीर केला तर पाटीतच फुटते. या फळाच्या गुणामुळे 'बीडचे सीताफळ' या नावाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

जनावरांचा बाजार पाहायचा असेल तर गेवराई तालुक्यातील हिरापूर किंवा बीड तालुक्यातील नेकनूर गाठावे. बाजाराच्या दिवशी पहाटेपासून बैल, गाई, म्हशी आणि शेरडे यांच्या दावणी लागतात. पाठीवर झुली आणि गळ्यात घुंगरमाळा असलेले देखणे खोंड एकीकडे, तर दुष्काळाच्या धास्तीने विकायला काढलेली हाडकी जनावरे दुसरीकडे. गिऱ्हाईक जबडा उघडून दात मोजते: अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला, अशी वयाची ती दंतमय परिभाषा. आणि मग व्यवहाराचा जो खरा भाग, तो उपरण्याखाली चालतो. दलाल व घेणारा एकमेकांचे हात कापडाने झाकून बोटांच्या खुणांनी आकडा सांगतात. भोवती वीस माणसे उभी असली तरी भाव फक्त दोघांना कळतो, आणि नापसंती झाली तर कोणाचीही अप्रतिष्ठा न होता हात मागे घेता येतो.

बाजार पाहून झाल्यावर सोलापूरच्या रस्त्याने दक्षिणेस निघावे. शहरापासून थोड्याच अंतरावर खजाना विहीर लागते. निजामशाहीच्या कारकिर्दीत, सोळाव्या शतकात, सलाबतखानाने राजा भास्कर नामक स्थापत्यविशारदाकडून ती बांधून घेतली असे सांगतात. नाव ऐकून धनदौलतीची कल्पना करणाऱ्याची येथे निराशा होते. कारण खजिना आहे तो पाण्याचा. जमिनीच्या पोटातून नेलेल्या कालव्यांनी विहिरीत पाणी यावे आणि उताराच्या आधाराने पुढे शेतीकडे वाहत जावे, अशी ती योजना. ज्या जिल्ह्यात पाऊस वर्षाआड दगा देतो तेथे पाण्याला खजिना म्हणणाऱ्या पूर्वजांची भाषा किती यथार्थ होती, हे पुढची चढण सुरू झाल्यावर प्रत्येकाला आपल्या घशाने समजते.

पुढे मांजरसुंब्याचा घाट. मोटारीच्या रस्त्याने गेले तर तो काही मिनिटांत संपतो. परंतु रस्ता सोडून, परिसरातला एखादा मेंढपाळ किंवा गुराखी वाटाड्या म्हणून बरोबर घेऊन, कपिलधारच्या दरीकडे पायी निघाले म्हणजे बालाघाट आपले स्वरूप उघडे करू लागतो. हा सगळा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. कठीण काळ्या पाषाणाचा एक थर, त्यावर झिजून मऊ झालेला मुरूम, पुन्हा पाषाण, पुन्हा मुरूम, अशी ही रचना असल्यामुळे चढण एकसारखी नसते. प्रचंड जिन्यासारखी ती टप्प्याटप्प्याने वर जाते. पाषाणाच्या टप्प्यावर हातांनी कपार धरून अंग वर ओढावे लागते, तर मुरमाच्या उतारावर दोन पावले पुढे टाकली की एक पाऊल मागे घसरते. सावली म्हणावी तर हिवर, बाभूळ आणि सालईची विरळ झाडे. बाकी गुडघाभर कुसळी गवत, मधूनमधून तरवडाची पिवळी फुले आणि सीताफळीची झुडपे. गुरांनी पाडलेल्या असंख्य वाटा एकमेकींत मिसळून नाहीशा होतात, आणि वर पोहोचलो असे ज्या ठिकाणी वाटते तेथून पुढचा टप्पा दिसू लागतो. या डोंगराचा कठीणपणा उंचीत नाही, उन्हात आहे. आणि सह्याद्रीच्या गार वाऱ्याला सरावलेला पांथ येथे दहा वाजताच बसकण मारतो, ही गोष्ट हसणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

अशा तापल्या माळावरून दरीच्या काठाशी आले म्हणजे कानांवर पाण्याचा आवाज पडतो. पाऊसकाळ चांगला झाला असेल तर कपिलधारचा प्रपात कड्यावरून खाली झेपावत असतो, आणि त्याच्या सान्निध्यात मन्मथस्वामींची समाधी आहे. 'परमरहस्य' हा ग्रंथ मराठीत रचून वीरशैव तत्त्वज्ञान सामान्यजनांच्या भाषेत आणणारे हे सत्पुरुष. त्यांच्या दर्शनाला कार्तिकी पौर्णिमेस महाराष्ट्रातून आणि कर्नाटक-तेलंगणाच्या बाजूने दिंड्या येतात. यात्रेच्या दिवसांत या एरवीच्या शांत दरीत प्रसादाची, खेळण्यांची आणि भांड्यांची दुकाने लागतात. म्हणजे बाजाराला पाठ दाखवून डोंगरात शिरलेल्या माणसाला दरीच्या तळाशी पुन्हा बाजारच भेटतो.

ज्यांना इतिहासाची ओढ अधिक आहे त्यांनी पूर्वेकडे धारूरला जावे. सोळाव्या शतकात विजापूरच्या किश्वरखानाने बांधलेला येथील किल्ला पठाराच्या अगदी कडेवर उभा आहे. तीन बाजूंना दऱ्या आणि सपाटीकडच्या बाजूस खंदक. तटावरून पाहिले म्हणजे किल्ल्याचे प्रयोजन शब्दांवाचून कळते: खालून वर येणारा बैल, उंट किंवा तोफेचा गाडा येथील पहारेकऱ्याच्या नजरेतून सुटणे अशक्य. 1631 च्या सुमारास मोगलांनी तो घेतला आणि त्याचे नाव फतेहाबाद ठेवले. औरंगजेबाच्या अमदानीत येथे टांकसाळही चालत असे. घाटमाथ्यावरच्या कसब्यात बादशहाने नाणी पाडावीत, एवढी या वाटेवरच्या उलाढालीची मातबरी होती.

आणि पश्चिमेस, पाटोदा तालुक्यात, सौताडा. येथे विंचरणा नदी खोल घळीत उडी घेते आणि तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. उतरताना सुखाची वाटणारी ही वाट परत चढताना आपले सर्व देणे व्याजासह वसूल करते. विंचरणेचे पाणी सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जाते. बीड शहरातली बिंदुसरा मात्र सिंदफणेला मिळून गोदावरीकडे वळते. पाटोदा तालुक्यातच उगम पावणारी मांजरा तर सातशेहून अधिक किलोमीटर भटकून तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीला भेटते. एकाच रांगेवर पडलेल्या पावसाच्या सरी अशा दोन महानद्यांमध्ये वाटल्या जातात.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. प्रत्येकाजवळ निदान तीन लिटर पाणी असावे. चढण सूर्योदयाला सुरू करून ऊन तापण्याच्या आत संपवावी. पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकावर आणि प्रपाताच्या माथ्यावर जाऊ नये. कड्यावर आग्या मोहोळ दिसल्यास धूर, अत्तर आणि आरडाओरडा कटाक्षाने टाळावा. चैत्र-वैशाखात हा डोंगर चढण्याचे साहस करू नये. शिदोरीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी यांपेक्षा टिकाऊ असे काही नाही, आणि ते गावात कोठेही मिळते.

दसरा-दिवाळी आटोपली की याच डोंगरातील गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडी, ताडपत्री आणि लहान मुले गाड्यांत भरून ऊस तोडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, आणि त्यांच्या परतण्याची वाट पाहणारी म्हातारी माणसे मागे राहतात. जाण्यापूर्वीचा त्यांचा शेवटचा बाजार आणि प्रवाशाच्या सहलीचा हंगाम हे दोन्ही एकाच सुमारास येतात. ज्या मुरमावर आपण एक दिवस हौसेने घसरलो, त्यावरच या माणसांना पोट भरावयाचे असते आणि ते भरत नाही म्हणून घाट उतरावा लागतो, हे ज्ञान बाजारात उभे राहून होत नाही. त्यासाठी चढणच चढावी लागते.

म्हणूनच उतरल्यावर पुन्हा बाजारात जावे असे मी आरंभी म्हटले. त्या वेळी रस्त्याच्या कडेला सीताफळांची पाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या बाईने जो भाव सांगितला असेल, तो पाडून मागू नये, एवढीच वाचकांस विनंती.