गाडी घ्यायचीय: मध्यस्थाकडे जावं की आपणच शोरूमला भाव करावा?

दोन वर्षांपूर्वी आमच्या दुल्हेभाईंनी निवृत्तीच्या पैशांतून गाडी घ्यायचं ठरवलं. कारण साधंच. अम्मीला तपासणीसाठी महिन्याला दोनदा पुसदहून नांदेडला न्यावं लागायचं आणि एसटीत इतका वेळ बसणं त्यांना जमेना. ओळखीतले एक गृहस्थ पुढे आले. म्हणाले, "तुम्ही कशाला दगदग करता? मी सगळं करून देतो. तुम्ही फक्त चावी घ्यायला या. आणि मला एक रुपयाही नको."

खरंच त्यांनी आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही. गाडी आली, मोहल्ल्यात मिठाई वाटली. आठवडाभराने आम्ही निवांत बिल वाचायला बसलो. अॅक्सेसरीजचे अठरा हजार, 'हँडलिंग'चे सात हजार, आणि विमा बाहेरच्या दरापेक्षा बराच महाग. त्या गृहस्थांचं कमिशन शोरूमने दिलं होतं. म्हणजे शेवटी ते आमच्याच खिशातून गेलं होतं. ते खोटं बोलले नव्हते. आम्हीच विचारलं नव्हतं.

तेव्हापासून स्टाफरूममध्ये कुणी गाडीचा विषय काढला की आम्ही पहिला प्रश्न हाच सांगतो: मध्यस्थाला पैसे कोण देतो? जो पैसे देतो, मध्यस्थ त्याचा माणूस असतो.

मध्यस्थ किती प्रकारचे?

एक म्हणजे गावातला ओळखीचा एजंट. दुसरं म्हणजे कारवाले, कारदेखो यांसारख्या वेबसाइट. तिथे किंमत बघायला आपल्याला पैसे लागत नाहीत. आपण मोबाइल नंबर टाकला की तो शोरूमकडे जातो आणि फोन सुरू होतात. अशा वेबसाइटची कमाई गाडी कंपन्या आणि डीलर यांच्याकडून होते. अमेरिकेतही ट्रूकार नावाची अशीच सेवा २००५ पासून आहे, तिथेही पैसे डीलरच देतात. यात गैर काही नाही. फक्त ही सेवा आपल्या बाजूने भांडणारा वकील नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

तिसरा प्रकार कार्स२४ किंवा स्पिनी यांचा. इथे जुन्या गाडीची बहुधा एकच ठरलेली किंमत असते, घासाघीस फारशी होत नाही. तपासणी आणि कागदपत्रांची कामं तेच करतात आणि त्याची किंमत गाडीच्या भावात धरलेली असते. म्हणजे यांना मध्यस्थ न समजता दुकानदारच समजावं.

ऑन-रोड किंमत फोडून मागा

स्वतः शोरूमला जाताना भीती एकाच गोष्टीची वाटते, आकडे कळत नाहीत. पण थोडी माहिती असली की ते अवघड नाही. कोटेशन कागदावर आणि प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागायची. मग तिचे तीन भाग करायचे.

पहिला भाग, ज्यात घासाघीस होत नाही. रोड टॅक्स सरकारचा आहे. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीला ८८ हजार होतात, कागदावर जास्त लिहिले असतील तर विचारा. जीएसटी एक्स-शोरूम किमतीतच असतो. लहान गाड्यांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे त्याआधीची किंमत पाहून तुलना करू नका. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस कापला जातो. तो आयकर विवरणपत्र भरताना आपल्या खात्यात धरला जातो, म्हणून पावती जपून ठेवा.

दुसरा भाग, ज्यात घासाघीस होते. एक्स-शोरूमवरची सूट, एक्स्चेंज गाडीचा भाव, जादा वॉरंटी आणि विमा. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे आणि त्याचा मूळ दर सरकार ठरवतं. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. तो शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नाही. बाहेरून दोन कोटेशन आणून टेबलावर ठेवा, बहुतेक वेळा शोरूमचा आकडा खाली येतो.

तिसरा भाग, ज्याला सरळ 'नको' म्हणायचं. हँडलिंग, लॉजिस्टिक, फाइल चार्ज, नाव काहीही असो, हा सरकारी कर नव्हे. "हे कशाचे, सरकारी पावती मिळेल का?" एवढंच शांतपणे विचारा. सीट कव्हर, मॅट, कोटिंगचं पॅकेजही सक्तीचं नाही.

रोखीने घेणाऱ्यांसाठी

आपल्यातले बरेच लोक व्याज टाळण्यासाठी वर्षानुवर्षं बचत करून पूर्ण पैसे भरतात. त्यांना वाटतं, एकरकमी देतोय म्हणजे जास्त सूट मिळेल. प्रत्यक्षात शोरूमला बँकेच्या कर्जावर कमिशन मिळतं, त्यामुळे काही ठिकाणी कर्जवाल्यालाच जास्त आपुलकीने बसवतात. नाराज होऊ नका. भाव आधी पक्का करा, पैसे कसे देणार ते नंतर सांगा. आणि 'रोख' म्हणजे नोटांची पिशवी नव्हे. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांमध्ये घ्यायला कायद्याने बंदी आहे. चेक किंवा आरटीजीएस करा, तेही शोरूमच्या खात्यात. कुणा माणसाच्या वैयक्तिक खात्यात नको.

पुसदकरांचा फायदा

मोठं शहर नाही याची खंत आपण करतो, पण इथून नांदेड, यवतमाळ, वाशिम, अकोला असे चार रस्ते आहेत. एकाच मॉडेलचे, एकाच रंगाचे निदान दोन शहरांतून लेखी कोटेशन मागवा. व्हॉट्सअॅपवरही देतात. नांदेडला गाडी घ्यायची आणि नंबर एमएच-२९ हवा, तर ते बुकिंगच्या आधी बोला आणि त्याचा खर्च लिहून घ्या. बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत, हेही लेखी घ्या. डिलिव्हरीच्या वेळी फॉर्म २१ वर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते वाचा. वर्षाच्या सुरुवातीला मागच्या वर्षीची गाडी मिळत असेल, तर सूट तशीच तगडी हवी.

मग मध्यस्थ कुणी घ्यावा?

घरात धावपळ करायला कुणी नसेल, एकटी बहीण असेल, वयस्कर जोडपं असेल, तर जरूर घ्यावा. पण त्याची मजुरी आपणच ठरवून द्यावी, दोन हजार असो की पाच, आणि सांगावं, "शोरूमकडून जे मिळेल ते आमच्या बिलातून कमी करा." मेहनतीचे उघड पैसे देण्यात कमीपणा नाही. लपलेलं कमिशनच महाग पडतं.

जुन्या गाडीत मात्र आम्ही एक पाऊल पुढे जाऊ. भाव स्वतः करा, पण ओळखीच्या मेकॅनिकला त्याची फी देऊन सोबत न्या. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलन बाकी आहे का, हे परिवहनच्या अॅपवर बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन गाडी नावावर होईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असं समजू नका.

यंदा आमच्या एका सहकारी मॅडमने गाडी घेतली. दोन शहरांची कोटेशन आणि विम्याचा बाहेरचा दर घेऊन त्या मिस्टरांसोबत गेल्या. आवाज न चढवता तासाभरात हँडलिंग गेलं, विमा उतरला, मॅट फुकट आल्या. परत येताना त्यांनी आमच्या दुल्हेभाईंना फोन केला. ते हसले आणि म्हणाले, "बेटा, ही शिकवणी आमच्या खर्चाने झालीय."