खसखस पिकू द्या, पण हसण्याची



आपल्यापैकी पुष्कळांची मुलंबाळं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर भागात राहतात. दिवाळीला गावाकडून जाणाऱ्या पिशवीत अनारशासाठी खसखसही असते. उरलेली चिमूटभर गॅलरीतल्या कुंडीत टाकली तर पॉपीची फुलं येतील, असं कुणालाही वाटेल. पण इथंच सावध राहायला हवं.

वाण्याकडची खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. ते खायला बंदी नाही; पेरायला आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानुसार विनापरवाना अफूचं झाड लावणं गुन्हा असून दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात अशा लागवडीचे परवाने दिले जात नाहीत. २०१२ साली बीड जिल्ह्यात असं उभं पीक पकडलं गेलं आणि शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले.

मग पॉपी लावायचीच नाही का? जरूर लावा. शोभेच्या 'शर्ली' व 'कॅलिफोर्निया' पॉपीचं बी विकत आणा. पाकिटावर 'पापावर सोम्निफेरम' असं नाव असेल, तर ती अफूच; घेऊ नका. अफूचं पान गुळगुळीत, निळसर राखी व खोडाला मिठी मारून असतं. शर्लीचं खोड केसाळ आणि पान कातरलेलं असतं.

ऑक्टोबरची उष्णता सरली, की नोव्हेंबरात बी टाकावं. मुंबईची थंडी थोडकी, म्हणून उशीर करू नये. तळाला भोक असलेली आठ-दहा इंच खोल कुंडी घ्यावी. त्यात माती, वाळू आणि चांगली कुजलेली प्रेसमड थोडीशी मिसळावी. उसाची कांडी मातीखाली दाबतो, तसं हे बी दाबायचं नाही. राजगिऱ्यासारखं बारीक वाळूत मिसळून वरच भुरभुरावं आणि बारीक झारीनं पाणी द्यावं. रोपं दोन बोटं झाली, की वीतभर अंतरावर एकेक ठेवून विरळणी करावी. सोटमूळ असल्यानं उपटून दुसरीकडं लावलेलं रोप सहसा जगत नाही. पाच-सहा तास ऊन हवं. पाणी मात्र बेतानं. कुंडी सतत ओली राहिली, की मूळ कुजतं.

जानेवारीअखेर-फेब्रुवारीत फुलं येतात आणि मार्चच्या उन्हानं झाड आटोपतं.

तेव्हा पुढच्या खेपेला मुंबईला पिशवी पाठवताना मुलांना एवढं जरूर सांगा : वाण्याची खसखस अनारशावर, कुंडीत पाकिटातलं बी. घरात खसखस पिकावी, ती हसण्याचीच.